काचेवर न उतरलेला अजिंठा

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात पद्मपाणीचे एक चित्र टांगलेले आहे. कुठल्याशा दिनदर्शिकेवरचे ते चित्र. तारखांचा भाग कापून कुणा हौशी शिक्षकाने ते पुठ्ठ्यावर डकवले आणि खिळ्याला अडकवले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. वर्गाची खिडकी पश्चिमेकडे आहे. दुपारचे ऊन रोज तासभर त्या चित्रावर पडते. उन्हाने आधी त्यातला तांबडा रंग नेला, मग पिवळा नेला; निळा तेवढा मागे राहिला. डोईवर मुकुट, हातात कमळ, मान किंचित कललेली आणि सर्वांग निळे, अशी ती मूर्ती पाहून मुले तिला कृष्ण समजतात. दरवर्षी जूनमध्ये मी त्यांना सांगतो, हा कृष्ण नव्हे, बोधिसत्त्व पद्मपाणी. आणि दरवर्षी दिवाळीपर्यंत तो पुन्हा कृष्ण झालेला असतो.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागला. मग गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला ती आकृती हळूहळू भिंतीतून वर आली. गेरूची, मातकट, जागोजाग पापुद्रे गेलेली, पण जिवंत. मुले गप्प झाली. तेवढ्यात एक मुलगी माझी बाही ओढून म्हणाली, "सर, हा तो नाही. आपला निळा आहे."

मी हसलो, आणि तिला काही उत्तर दिले. पण परतीच्या एसटीत ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ती मुलगी चुकली होती असे तरी कसे म्हणावे? तिने जन्मभर पाहिलेला पद्मपाणी निळाच होता. भिंतीवरचा खरा, की आपल्यापर्यंत पोहोचलेला खरा? हा प्रश्न तिच्यापासून सुरू झालेला नाही. अजिंठ्याचे रंग लेण्याबाहेर नेण्याची खटपट जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालली आहे, आणि त्या खटपटीत कॅमेऱ्याने जे केले आणि जे त्याला करता आले नाही, त्याची कथा माझ्या मते प्रत्यक्ष चित्रांच्या कथेइतकीच ऐकण्याजोगी आहे.

अजिंठा इंग्रजांच्या नजरेस पडला तो १८१९ साली. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून गेला. चित्राच्या अंगावर स्वतःचे नाव खरडण्याची आपल्याकडच्या प्रवाशांची खोड नवी नाही, एवढेच यावरून म्हणायचे. पुढे वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, जेम्स फर्ग्युसन ती लेणी पाहून गेला. हा मूळचा निळीचा व्यापारी. पण भारतीय वास्तूंच्या अभ्यासाने त्याला असे पछाडले की व्यापार मागे पडला. लंडनला परतल्यावर त्याने विद्वानांना आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: ही चित्रे डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत, ती आहेत तोवर त्यांच्या नकला करून घ्या. कंपनीला ते पटले. १८४४ साली मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची या कामावर नेमणूक झाली.

या १८४४ सालाशी क्षणभर थांबले पाहिजे. फर्ग्युसनने लेणी पाहिली त्याच १८३९ मध्ये पॅरिसला दागेरने आपली प्रकाशचित्रणाची युक्ती जगापुढे मांडली होती. तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. अतिशय रेखीव, पण एकच. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बटने दुसरा मार्ग काढला. त्याने कागदावर आधी उलटे चित्र घेतले, ज्यात उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड. आणि त्या एका उलट्या चित्रावरून हव्या तितक्या सुलट्या प्रती उन्हात छापून काढल्या. पुढची दीडशे वर्षे सारी छायाचित्रणविद्या याच कल्पनेवर चालली. टॅल्बटने आपल्या शोधाचे जे सचित्र पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले, त्याचा पहिला भाग १८४४ मध्येच निघाला. त्या पुस्तकात पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या अर्धपुतळ्याची दोन चित्रे आहेत, एका शिळाछाप चित्राची प्रत आहे, एका जुन्या रेखाटनाची प्रत आहे. म्हणजे नवी विद्या रांगू लागली तेव्हाच तिच्या जनकाला उमगले होते, की एका ठिकाणी असलेली कलाकृती हजार ठिकाणी नेण्याचे हे साधन आहे.

अशा त्या एकाच वर्षी लंडनमध्ये एक माणूस चित्रांच्या अनेक प्रती यंत्राने कशा कराव्यात ते दाखवत होता, आणि इकडे निजामाच्या मुलखात, वाघूर नदीच्या वळणावर, दुसरा माणूस हातात कुंचला घेऊन एकेक नक्कल करायला बसत होता.

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. पारोची आणि त्याची कहाणी आपल्याकडे काव्यांतून आणि चित्रपटांतून पुष्कळ गायली गेली आहे. १८५६ साली वारलेल्या पारोची कबर आजही त्या गावात आहे. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तिकडे वळण्याचा मोह मलाही होतो. पण इथे मला गिलच्या दुसऱ्या ध्यासाविषयी सांगायचे आहे. मोठमोठ्या कापडांवर, तैलरंगांत, भिंतींवरच्या आकृतींच्या मापाने तो नकला करत राहिला. अंधारी लेणी, पाकोळ्या, मधमाश्या, ताप, जंगलातली श्वापदे, आणि खांद्यावर पेलायलाही जड अशी कापडे. जवळजवळ वीस वर्षांत सुमारे तीस चित्रे त्याने विलायतेला पाठवली.

याच काळात गिलच्या हाती कॅमेरा आला. १८५६ च्या आसपास तो छायाचित्रे घेऊ लागला. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. दोन डोळ्यांना दिसतात तशी थोड्या फरकाची दोन चित्रे तो एका वेळी घेई, आणि ती जोडी एका छोट्या उपकरणातून पाहिली की खोली दिसे. खांब पुढे येत, गाभारा मागे सरे. १८६४ साली लंडनला त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात भारतातल्या कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, आणि मजकूर फर्ग्युसनचा होता. दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि वन्य जीवन यांच्या १०० जोडचित्रांचा संग्रह होता. त्या काळी छायाचित्र शाईने छापता येत नसे. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्र उन्हात कागदावर उमटवून, धुऊन, वाळवून, हाताने पानावर चिकटवावे लागे. शंभर प्रती म्हणजे ७४०० वेळा हा खटाटोप. तरी लंडनच्या थंडीत बसलेल्या वाचकाला एकोणिसाव्या लेण्याचे तोंड आपल्या टेबलावर पाहता आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण ही चित्रे पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ज्या रंगांसाठी गिलने आयुष्य वेचले, ते रंग कॅमेऱ्यात जवळजवळ नाहीतच. आहेत ती मुख्यत्वे दर्शनी भागांची, खांबांची, स्तूपांची, मूर्तींची. एकाच माणसाच्या एका हातात कुंचला होता आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. कुंचला चित्रांकडे वळला आणि कॅमेरा दगडाकडे. असे का व्हावे?

अंधार हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण त्या काचेच्या स्वभावात होते. १८५१ मध्ये आर्चरने शोधलेल्या पद्धतीत, स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. मिनिटांचा खेळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर द्रव काचेवर ओतता ओतताच सुकू लागे. आणि एवढे करून ती काच अर्धी आंधळी होती. तिला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसे. तांबडा, पिवळा, हिरवा यांची तिला फारशी जाणीवच नव्हती. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येई, आणि लाल वस्त्र कोळशासारखे काळे.

आता अजिंठ्याची रंगपेटी डोळ्यांपुढे आणा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना. आणि या सगळ्यांच्या मध्ये, पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन लेण्यांत, दूरच्या बदक्शानातून आलेल्या राजावर्ताचा तो दुर्मिळ निळा. त्या काचेसमोर ही भिंत ठेवली असती तर सारे तांबडे-पिवळे देह काळवंडून एकमेकांत मिसळले असते, आणि ज्या निळ्यासाठी चित्रकाराने सर्वांत जास्त किंमत मोजली तो नाहीसा होऊन पांढरा डाग उरला असता. मूर्तीला रंगाची अडचण नाही. तिला उजेड आणि सावली पुरते, आणि काचेला नेमके तेच कळत होते.

ही अडचण अजिंठ्यापुरती नव्हती. १८४८ साली स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने स्पेनच्या चित्रकारांचा इतिहास लिहिला आणि त्याला छायाचित्रांचा एक स्वतंत्र खंड जोडला. खऱ्या छायाचित्रांनी सजलेला कलेतिहासाचा तो पहिला ग्रंथ. चित्रे ६६, प्रती अवघ्या ५०. पण त्यांतली पुष्कळ चित्रे मूळ तैलचित्रांवरून घेतलेली नव्हती. कोरीव ठशांवरून, रेखाटनांवरून, रंगवलेल्या नकलांवरून ती घेतली होती. कारण मूळ चित्राचे रंग कॅमेऱ्याला झेपत नव्हते. आणि एवढे करून त्या प्रती लवकरच फिकट होऊ लागल्या. वेलास्केथचे चित्र पाहायला बसावे आणि डोळ्यांपुढे पिवळट धुके यावे, अशी गत.

तरी माणसे मागे हटली नाहीत. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा छायाचित्रकार थर्स्टन थॉम्प्सन याने १८५८ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली राफाएलची सात भव्य चित्रे काचेवर घेतली. आत उजेड पुरेना, म्हणून एकेक चित्र भिंतीवरून उतरवून बाहेर अंगणात आणले आणि सूर्यप्रकाशात कॅमेऱ्यापुढे उभे केले. त्यांच्या प्रती ते संग्रहालय सामान्य माणसालाही घेता येतील अशा बेताने विकू लागले. ज्याने राजवाड्याचा उंबरा कधी ओलांडला नसता अशा कारागिराच्या, शाळामास्तरच्या भिंतीवर राफाएल जाऊन बसला. करडा का होईना, पण बसला.

मग अजिंठ्याचे तसे का झाले नाही? लेण्याची भिंत अंगणात आणता येत नाही, हे उघड आहे. पण गिलच्या नकला आणता येत होत्या. त्या लंडनमध्येच होत्या. सिडनहॅमच्या प्रसिद्ध काचमहालात लोकांना दाखवण्यासाठी टांगल्या होत्या. तो काचमहाल १८५२ पासून उभा राहत होता तेव्हा त्याच्या बांधकामाचे एकेक अंग डेलामॉट नावाच्या छायाचित्रकाराने काचेवर टिपून ठेवले होते. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याची चित्रे निघाली. आत टांगलेल्या अजिंठ्याचा असा पद्धतशीर संच काढून तो चार ठिकाणी ठेवावा, हे काही घडले नाही.

३० डिसेंबर १८६६ रोजी काचमहालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलच्या वीस वर्षांच्या श्रमाचा एका दिवसात कोळसा झाला. तिथे टांगलेली नव्हती अशी मोजकी चित्रे तेवढी वाचली. जळालेल्यांपैकी काहींची आठवण उरली ती श्रीमती स्पीर यांच्या १८५६ सालच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात, लहानशा लाकडी ठशांच्या रूपाने. भिंतीएवढे कापड गेले आणि तळहाताएवढा ठसा राहिला. का राहिला? तो अधिक सुंदर होता म्हणून नव्हे, अधिक खरा होता म्हणूनही नव्हे. तो पुस्तकात छापलेला होता, आणि पुस्तके एकाच इमारतीत नव्हती, म्हणून.

मला वाटते, प्रतींच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका गोष्टीत आहे. नकलेचा गुण तिच्या हुबेहूबपणात असतो असे आपण समजतो. हुबेहूबपणाला मोल आहेच. पण जी नक्कल स्वतःच एकुलती एक आहे, ती मूळ चित्राइतकीच दुबळी असते. गिलने एका अजिंठ्याचे दोन केले. दोनाचे दोनशे करण्याची विद्या त्याच शहरात, त्याच वर्षांत उपलब्ध होती. ती वापरावी असे कुणाला तातडीने वाटले नाही.

तातडी दगडाच्या बाबतीत मात्र दिसली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी भारतीय वास्तूंची छायाचित्रे जमवताना त्याच फर्ग्युसनला आंध्रातल्या अमरावती स्तूपाच्या शिल्पशिळांचा ढीग लंडनमधल्या एका सरकारी वाड्याच्या गाडीखान्यात सापडला. विल्यम ग्रिग्ज याने त्या शिळांची एका मापाने छायाचित्रे घेतली. फर्ग्युसनने ती कापून, शेजारी शेजारी जुळवून, मोडक्या कठड्याची मांडणी कागदावर पुन्हा उभी केली. मणामणाच्या शिळा हलवून जे जमले नसते ते हलक्या कागदांनी जमले, आणि १८६८ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. इथे छायाचित्र नुसती प्रत राहिले नाही, अभ्यासाचे अवजार झाले. हा ग्रिग्ज आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

गिलच्या चित्रांची राख झाल्यावर काम मुंबईकडे आले. मुंबई तोवर या विद्येला नवखी नव्हती. १८५४ मध्येच तिथे छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. खुद्द भाऊ दाजींनी १८६३ साली अजिंठ्याच्या शिलालेखांवर निबंध वाचला होता. तरी चित्रांचा प्रश्न आला तेव्हा कॅमेऱ्याची नव्हे, पुन्हा कुंचल्याचीच निवड झाली; आणि काचेचा रंगांधळेपणा लक्षात घेता ती चुकीची म्हणता येत नाही. १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हिवाळ्यामागून हिवाळे आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला मुक्काम करू लागले. त्या विद्यार्थ्यांत पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी होते. परांच्यांवर उभे राहून ही मुंबईची मुले चित्रांवर कागद धरून रेषा उतरवून घेत आणि मग कापडावर रंग भरत. ज्या भिंतीसमोर देशी चित्रकारांनी शतकानुशतकांपूर्वी हात चालवला होता, तिथे पुन्हा देशी हात चालू लागले. विलायती चित्रकलेत घडत असलेल्या या मुलांना आपल्या देशात अशी रेषा होऊन गेली हे तिथे कळले असेल, तर त्या नकलांचा तो एक लाभ कोणत्याही आगीत जळणारा नव्हता.

त्या नकलाही लंडनला गेल्या. आणि १८८५ च्या जून महिन्यात साउथ केन्सिंग्टनमध्ये, त्या साठवून ठेवल्या होत्या तिथे, पुन्हा आग लागली. अनेक चित्रे जळाली, अनेक होरपळली. एकोणीस वर्षांत एकाच शहरात अजिंठा दोनदा जळला. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी 'योगायोग फार झाले' म्हणून हस्तलिखित परत केले असते.

मात्र या वेळी धडा थोडा तरी घेतला गेला. उरलेल्या नकलांवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ निघाला आणि त्याची चित्रे छापली ती ग्रिग्जने. या ग्रिग्जने छायाचित्र आणि रंगीत शिळाछाप यांची सांगड घातली होती. नक्कल उजेडात ठेवायची, कॅमेऱ्याने तिची आकृती घ्यायची, ती शिळेवर उतरवायची, आणि मग डोळ्याने पारखून प्रत्येक रंगाची शिळा वेगळी करून एकावर एक छापायची. म्हणजे लेण्यात माणसाचा डोळा, लंडनमध्ये कॅमेऱ्याचा डोळा आणि छापखान्यात पुन्हा माणसाचा डोळा. काचेला रंग दिसत नव्हते म्हणून हाताने मदत केली. हाताला हजार प्रती काढता येत नव्हत्या म्हणून काचेने मदत केली. आपण या दोघांना एकमेकांचे वैरी समजतो. अजिंठ्याच्या बाबतीत तरी ती दोन लंगड्यांची मैत्री होती.

या मैत्रीची किंमत मूळ चित्रांनीही मोजली, हे लपवून चालणार नाही. धुळीने आणि धुराने मंदावलेले रंग नकलेपुरते उजळावेत म्हणून भिंतींवर रोगण चढवले गेले. त्या वेळी रंग झळाळले. पुढे रोगण पिवळे पडले, काळपटले, त्याला भेगा गेल्या, आणि त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला आणि ते रोगण काढण्याचा प्रयत्न केला. प्रत घेणाऱ्याच्या मनात प्रेम होते यात शंका नाही. पण प्रेमाने हात लावला तरी तो हातच. कॅमेऱ्याचा एक मोठा गुण इथे कळतो: तो दुरून पाहतो, भिंतीला हात लावत नाही.

त्याला रंग दिसू लागले तेही हळूहळूच. १८७३ मध्ये जर्मनीत फोगेलने शोधून काढले, की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळली तर तिला हिरवा-पिवळा प्रकाशही कळू लागतो. तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडावे लागले; इंग्लंडात त्या १९०६ मध्ये मिळू लागल्या. अजूनही चित्र करडेच, पण आता त्या करड्यात गेरूला गेरूची आणि निळ्याला निळ्याची योग्य पायरी मिळाली. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बसू, असितकुमार हालदार हे बंगालचे तरुण चित्रकार पुन्हा हाताने नकला करत होते, आणि त्याच सुमाराला व्हिक्टर गोलुबेव्ह हा रशियन विद्वान पहिल्या लेण्यात कॅमेरा लावत होता. त्याचा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला. जुनी विद्या आणि नवी विद्या त्या डोंगरात एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

आणि मग निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी बजावून ठेवले, की यातल्या रंगीत आणि एकरंगी प्रतिकृती छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत. आज ते शब्द कुणाला अनावश्यक वाटतील. पण कापडे, कुंचले, दोन आगी आणि एक रोगण एवढा इतिहास मागे असताना ते शब्द साधे नव्हते. तिथवर यायला टॅल्बटपासून शहाऐंशी वर्षे लागली होती.

याझदानींचे ते खंड मी एकदा एका जुन्या ग्रंथालयात पाहिले आहेत. दोन माणसांनी उचलावेत असे. ग्रंथपालांनी स्वतः पाने उलटून दाखवली. मला हात लावू दिला नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. पण मनात आले, लेणे डोंगरात होते ते आता कपाटात आले. सामान्य माणूस दोन्हीकडे बाहेरच. कलाकृतीची प्रत निघणे ही अर्धी गोष्ट, ती वाटली जाणे ही उरलेली अर्धी. ते वाटप मोठ्या ग्रंथांनी केले नाही. १९५४ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला, तो पुष्कळ देशांत गेला. पण आपल्या खेड्यापाड्यांत पद्मपाणी पोहोचवला तो टपाल कचेरीतल्या, किराणा दुकानातल्या, खतांच्या कंपन्यांच्या दिनदर्शिकांनी, पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांनी आणि अर्थात दिवाळी अंकांनी. रंग चुकीचे, कडा कापलेल्या, नाव कधी छापलेले, कधी नाही. पण आले ते घरापर्यंत.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्या दिवशी लेण्यात आमच्या दोघा-तिघा शिक्षकांनी मोबाइलवर पद्मपाणी टिपला. झोताचा दिवा लावायला तिथे बंदी आहे, आणि लागतही नाही. जे गिलच्या काचेला दिवसभराच्या खटपटीने साधले नसते ते पापणी लवण्याच्या आत झाले. तरी बाहेर उन्हात येऊन ती चित्रे पाहिली तेव्हा तिघांच्या तीन यंत्रांत तीन वेगवेगळे गेरू होते. एकाचा नारिंगी, एकाचा विटकरी, एकाचा जवळजवळ जांभळा. मुलांनी विचारले, यातला खरा कोणता? मी त्यांना पुन्हा आत नेले.

परतल्यावर मी वर्गातले चित्र खाली उतरवले. नवे छापील चित्र आणून लावावे असा विचार होता. चौकटीतून सोडवताना पुठ्ठ्याखाली दबलेली एक बोटभर कड दिसली. तिला ऊन लागले नव्हते. तिच्यात तो तांबूस मातीचा रंग जसाच्या तसा होता. गिलच्या काळच्या काचेने निळा गमावला आणि तांबड्याला काळे केले. आमच्या खिडकीने तांबडा गमावला आणि निळा ठेवला. प्रत्येक प्रत काहीतरी गमावते. काय गमावले हे सांगणारी बोटभर कड कुठेतरी शिल्लक असली म्हणजे झाले.

ते चित्र मी फेकले नाही. पुन्हा खिळ्याला लावले, या वेळी ती कड बाहेर राहील असे. ती मुलगी आता आठवीत गेली आहे. जाता-येता ती नव्या सातवीच्या मुलांना थांबवून ती कड दाखवते आणि सांगते, "असा आहे तो. पण जाऊन बघा."